कुन्नूरचा धोतरा

बडोदे,
रविवार, १ मार्च १९९८

चि. सौ. मृदुला हिस शैलावहिनीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पोंगलचं पत्र शाळेच्या पत्त्यावर वेळेवर पोचलं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. शाळेत निवडणुकीची गडबड होती, दहावीचे जादा तास होते, आणि अनिशचं पुण्याहून रोज एक नवं खूळ निघतंय. आता म्हणे त्याला कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी बंगलोरला जायचंय. तुझी पाठ कशी आहे? शेक घेतेस की नुसतं लिहितेस?

यापुढे मी सवयीप्रमाणे ‘इकडे सर्व क्षेम’ असं लिहिलं होतं. ते खोडलं आहे. खोडलेलं तुला दिसेलच.

एक आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागायला नको. तुझे आप्पा जिवंत आहेत, शुक्रवारी इस्पितळातून घरी आले, आणि आज सकाळपासून दोनदा माझ्या चहाला नावं ठेवून झाली आहेत. एकोणऐंशीव्या वर्षी माणूस एवढ्यातून उठतो याचं डॉक्टरांनासुद्धा नवल वाटलं. मला मात्र अजून सावरता येत नाही. काल फोडणीत मोहरीऐवजी खसखस टाकली. कुठे काय ठेवलंय तेच आठवत नाही.

तुझं झाड फुललं, मृदुला.

दर पत्रात विचारायचीस ना, ‘आला का गं बहर?’ आणि मी दर वेळी ‘नुसती पानं’ असं लिहायची. चार वर्षांपूर्वी आमच्या शाळेतल्या मालविकाबाई उटीच्या सहलीला आल्या होत्या, तेव्हा तू त्यांच्याबरोबर ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून तीन फांद्या पाठवल्यास. दोघींनी सुरत यायच्या आधीच माना टाकल्या. तिसरी जगली. तुमच्याकडे कुन्नूरला म्हणे हे झाड रस्त्याच्या कडेला कुंपणासारखं वाढतं, कुणी ढुंकून बघत नाही. इथे मी त्याची जी सेवा केली ती अनिशची लहानपणी केली नसेल. आधी मातीची कुंडी, मग मोठी कुंडी, मग तेलाचं पिंप अर्धं कापून त्यात. शेणखत, निंबोळी पेंड, आणि तेलाच्या घाण्यावरून आणलेली शेंगदाण्याची पेंड आठ दिवस भिजवून. त्या वासानं शेजारच्या कोकिलाबेन नाकाला पदर लावून यायच्या. एप्रिल लागला की पिंप ओढत मागच्या कडुनिंबाखाली न्यायचं, भोवती गोणपाट गुंडाळायचं आणि ते दिवसातून तीनदा भिजवायचं. मेमध्ये तरीही सगळी पानं गळायची. नुसती काठी उरायची. तुझे दादा म्हणायचे, ‘शैला, काठीला पाणी घालतेस.’ मी म्हणायची, घालते, तुम्हाला काय त्याचं?

त्यांना ठाऊक नव्हतं ते कुणाचं झाड आहे. घरात मी सांगितलं होतं, कमाटीबागेजवळच्या नर्सरीतून आणलं. तुझी पत्रं मला शाळेत येतात हे या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तुझं नाव आप्पांसमोर घ्यायचं नाही आणि तुझ्या दादांसमोर घेतलं तर ते उठून ओट्यावर जाऊन बसतात. त्यामुळे बावीस वर्षं तुझी खबरबात मी एकटीनं सांभाळली.

फांद्यांबरोबरच्या चिठ्ठीत तू भोवती चौकट काढून लिहिलं होतंस: पान, फूल, बी, सगळं विषारी, हात लावला की धुवायचा, कुणाच्या तोंडात जाऊ द्यायचं नाही. मी ते वाचलं आणि माझ्यापाशीच ठेवलं. विषारी आहे म्हणून घरात सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, ‘तुला कुणी सांगितलं?’ नर्सरीवाल्याच्या नावावर सहज खपवता आलं असतं, हे मला परवा इस्पितळाच्या बाकावर सुचलं.

संक्रांतीनंतर पहिली कळी दिसली. मी कुणाला बोलले नाही, दृष्ट लागेल म्हणून. मग एकदम बहरच आला. फेब्रुवारीच्या मध्याला सतरा फुलं, वीतभर लांब, पांढरीशुभ्र, माना खाली घालून लटकलेली. दिवे लागायच्या वेळी असा वास सुटायचा की फाटकावरून जाणारेही थबकायचे. कोकिलाबेन तर हात जोडून उभ्या राहिल्या. ‘अरे शैलाबेन, आ तो महादेवजीनो धतूरो! केटलो मोटो!’ आप्पा ओट्यावर बसले होते. त्यांनी ऐकलं. त्यांचं तोंड लहान मुलासारखं खुललं, मृदुला. पाणीगेटचं घर सोडून या टेनामेंटमधल्या बैठ्या घरात आल्यापासून इथल्या मातीतलं काही त्यांना आवडल्याचं मी पाहिलं नव्हतं.

बुधवारी महाशिवरात्र होती. आप्पांचा नेम तुला आठवत असेल. पिंडीवर अभिषेक लावून रुद्राची एकादशनी, आणि संध्याकाळपर्यंत पोटात तीर्थाशिवाय काही नाही. अजून करतात. आवाज बसलाय पण एक अक्षर चुकत नाही. सकाळी परडी घेऊन मागे गेले आणि त्या झाडाचं सगळ्यांत मोठं फूल खुडून आले. मी साबुदाणा निथळत होते.

‘आप्पा, ते फूल राहू द्या.’

‘का? महादेवाला धोतरा चालतो.’

‘ते विलायती आहे.’

‘महादेवाला विलायती-देशी कळतं होय गं?’

मी हसले. मृदुला, मी हसले आणि आत गेले. मला वाटलं, पिंडीवर वाहतील, उद्या निर्माल्यात जाईल, हात धुवायला सांगू नंतर. मग कोकिलाबेनबरोबर देवळात रांगेला गेले ती बारा वाजता परत आले.

आप्पांनी ते फूल पिंडीवर वाहिलं नव्हतं. अभिषेकाचं तांब्याचं भांडं, ज्याला खाली भोक असतं, त्याच्याखाली त्यांनी ते दोऱ्यानं टांगलं होतं, अशा बेतानं की दूध-पाण्याची धार फुलाच्या घंटेतून पिंडीवर पडावी. दुसऱ्या कुणाला सुचलंही नसतं. दीड तास धार त्या फुलातून पडत होती. आणि शिवरात्रीचं तीर्थ ते थेंबभरही वाया घालवत नाहीत, हे तुला सांगायला नको. रिकाम्या पोटी तांब्याभर प्यायले. तुझे दादा सकाळच्या पाळीला कंपनीत आणि मी देवळात, म्हणून आम्हा दोघांच्या वाटणीचं दोन पळ्या वाटीत झाकून ठेवलं होतं. मी वाटी उचललीसुद्धा होती. तेवढ्यात ते म्हणाले, ‘सूनबाई, घशाला कोरड पडलीय, पाणी दे,’ म्हणून खाली ठेवली.

एक वाजेपर्यंत त्यांचा चेहरा लालबुंद झाला. डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या की डोळे आपल्या माणसाचे वाटेनात. उठायला गेले ते पडले. पलंगावर निजवलं तर चादरीवरून काहीतरी वेचू लागले, मुंग्या म्हणाले. तेव्हाच मला कळलं काय झालंय ते. कोकिलाबेननी आपल्या मुलाला रिक्षा आणायला पिटाळलं. दोनला तुझे दादा कंपनीतून आले, दारातच चप्पल टाकून आप्पांचे पाय चोळायला बसले.

आता जे लिहिते ते लिहायला मला चार दिवस लागले. मध्ये तीन कागद फाडले.

आप्पा एकाएकी शांत झाले. उशीला टेकून ताठ बसले, धोतर सारखं केलं आणि भिंतीशी जी रिकामी खुर्ची होती तिच्याकडे बघून म्हणाले, ‘ये, सूनबाई. एवढ्या उन्हात चालत आलीस? अरे, पाणी आणा रे.’ मी पाण्याची वाटी घेऊन त्यांच्या उजव्या हाताशी उभी होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. ते बावीस वर्षांपूर्वीच्या आपल्या रावपुऱ्याच्या कचेरीत होते आणि मी त्या खुर्चीवर बसलेली होते.

‘बस. घाबरू नकोस, बोल.’ मग थांबले. कुणाचं तरी ऐकल्यासारखी मान हलवली. ‘डभोईला? आज?’ पुन्हा थांबले. ‘त्या भट्टांच्या जनार्दनाबरोबर... त्याच्या मावशीकडे. आणि उद्या सकाळी रजिस्टर. अस्सं.’ मग म्हणाले, ‘तू सांगितलंस ते बरं केलंस. रमाकांतला, तुझ्या नवऱ्यालासुद्धा, कळता कामा नये. तुझं नाव या खोलीबाहेर जाणार नाही, माझा शब्द आहे.’

आणि पुन्हा मुंग्या वेचू लागले.

तुझ्या दादांचे हात आप्पांच्या पायांवर तसेच राहिले. ते खाली बघत होते. कोकिलाबेनना मराठी कळत नाही. घरात एकट्या त्यांचंच बोलणं चालू होतं, ‘रिक्षा आवी गई, रिक्षा आवी गई.’

इस्पितळात डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, काय खाल्लं? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, धोतरा, विलायती, कुन्नूरहून आलेला, त्याचं झाड सबंध विषारी असतं. तुझे दादा म्हणाले, ‘कुन्नूरहून?’ मी म्हणाले, हो. आप्पांच्या नाकात नळ्या घातल्या, हात पलंगाला बांधले. ते बांधलेले हात मला बघवले नाहीत. मी बाहेर बाकावर बसून रडले. डॉक्टर तरुण होते, भले होते. त्यांना वाटलं आप्पा मला काहीतरी वेडंवाकडं बोलले असतील. म्हणाले, अशा वेळी माणूस वाटेल ते बोलतो, त्यात खरं काही नसतं. ‘बेन, मन पर नहीं लेवानुं.’

तुझे दादा माझ्याशेजारीच बसले होते. डॉक्टर गेल्यावर त्यांनी विचारलं, ‘आप्पा बरळत होते. ना?’

मी म्हणाले, ‘हो.’

त्यांनी मान हलवली. मला चहा आणून दिला. साखर कमी आहे का विचारलं.

गुरुवारी सकाळी आप्पा शुद्धीवर आले. पहिला प्रश्न, एकादशनी पुरी झाली होती ना? मधलं त्यांना काही म्हणता काही आठवत नाही. कोकिलाबेन रोज सांगतात, झाड तोडा, बाई, अवलक्षणी आहे. मी कालच कोयता काढला होता. तुझ्या दादांनी माझ्या हातातून घेतला. म्हणाले, ‘मृदुलाचं झाड आहे. फाटकाला कडी लावू, भोवती जाळी मारू.’ आणि काल सबंध दुपार ते जाळी ठोकत होते. खिळे दातांत धरून. मग गोणपाट भिजवलं, माझ्याहून नीट. गळलेली फुलं कागदानं उचलली, साबणानं हात धुतले. आणि माझ्याकडे पाठ करून, मोरीत हात धुता धुता विचारलं, ‘तिनं कधी माझ्याबद्दल काही विचारलं होतं का गं पत्रात?’

तू बावीस वर्षांत एकदाही त्यांचं नाव लिहिलेलं नाहीस. आणि ते का, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही.

तुला ते सगळं पुन्हा आठवून देणं क्रूरपणा आहे, पण लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शहात्तर सालचा एप्रिल. तू आणि जनार्दन डभोईत लग्न करणार हे फक्त तुझ्या दादांना माहीत होतं. त्यांनीच तुला स्कूटरवरून प्रतापनगर स्टेशनला सोडलं, डभोईच्या छोट्या गाडीत बसवून दिलं. त्याच संध्याकाळी आप्पा दोघा काकांना घेऊन जीपनं त्या मावशीच्या दारात उभे राहिले. भर पेठेत त्या बाईला नाही नाही ते बोलले. तुला आणलं. भट्टांनी अपमान गिळला नाही आणि दिवाळीच्या आत मुलाचं लग्न दुसरीकडे लावून टाकलं. तू चार महिने माडीवरच्या खोलीत होतीस. ताट मीच वर आणत होते. मग ती कुन्नूरच्या शाळेची नोकरी घेऊन तू गेलीस, आणि जाताना तुझ्या दादांना एवढंच म्हणालीस, ‘तुझ्याशिवाय कुणाला माहीत होतं?’

त्यांनी मला सांगितलं होतं, मृदुला. नवीन लग्न झालेला नवरा बायकोला सगळं सांगतो, तसं आनंदानं सांगितलं होतं. तू गेल्यावर त्यांनी मला एकदाच विचारलं, तू कुणाला बोलली नाहीस ना? मी देवाशपथ नाही म्हणाले. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. तुझा आरोप डोक्यावर घेऊन बसले.

तुला वाटेल, माझ्या तोंडून निसटलं असेल, आप्पांनी दरडावून विचारलं असेल. तसं नाही. मला कुणी काही विचारलं नाही. सासूबाईंचा डोळा लागल्यावर मी पायांत चप्पल घातली आणि पाणीगेटपासून रावपुऱ्यापर्यंत भर उन्हात चालत गेले. वाटेत दोनदा थांबले. परत फिरायला वेळ होता. कचेरीच्या पायऱ्या चढताना मला पुरतं ठाऊक होतं मी काय करायला चालले आहे.

का, ते मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलंय. लग्नाला अकरा महिने झाले होते. त्या घरात मला कुणी काही विचारत नव्हतं, भाजी कुठली करायची हेसुद्धा नाही. सगळं घर तुझ्यावर जीव टाकायचं. तुझी चित्रं, तुझे मित्र, तुझं ते मोठ्यानं हसणं. तू माझ्याशी चांगलीच वागायचीस, आणि मला त्याचाच राग यायचा. मला वाटलं, मी हे सांगितलं की हे घर माझं होईल. आणि झालं की. आठवड्याच्या आत आप्पांनी कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. सासूबाईंना न विचारता. त्या अजून माझ्याच कमरेला आहेत.

‘आप्पा एवढं करतील असं वाटलं नव्हतं’ असं एक वाक्य मी वर लिहिलं होतं, तेही खोडलंय. मला वाटलं होतं. मला माहीत होतं.

तुला दर महिन्याला पत्र लिहिलं ते मायेनं लिहिलं की भीतीनं, हे आता मलाच सांगता येत नाही. पहिली काही वर्षं नक्की भीतीनंच. तू परत दादांशी बोलायला लागलीस तर दोघं मिळून हिशेब लावाल, ही भीती. म्हणून तू विचारायचं टाळायचीस तेव्हा मीही त्यांच्याबद्दल कधी लिहिलं नाही. अनिशच्या मुंजीत मामा-आत्या सगळ्यांच्या ओळी लागल्या होत्या, तेव्हा तुझे दादा आत्याच्या पाटासमोर रिकामं ताट ठेवून उभे होते, हे मी तुला लिहिलं नाही. त्यांनी तुझी माडीवरची चित्रं पाणीगेटहून इथे येताना उराशी धरून आणली, हेही लिहिलं नाही. नंतर नंतर माया आली. ती खरी होती असं मी म्हणेन, पण माझ्या म्हणण्याला आता तू किती किंमत द्यावीस हे मी कसं सांगू?

डॉक्टर म्हणाले ते धरून बसायची सोय आहे मला. म्हातारा माणूस, विष चढलेलं, काहीही बोलला. आप्पांना आठवत नाही. मी हो म्हटलं की तुझे दादा मान्य करतात. कुणी कधी शोधणार नाही. या चार दिवसांत मला दुसऱ्या कशाची नाही, या सोयीची धास्ती बसली आहे. त्यांनी काल जाळी ठोकली नसती तर मी ती सोय घेतलीही असती.

क्षमा मागत नाही. ती मागायची जागा डभोईच्या त्या दारात होती आणि मी तिथे नव्हते. जनार्दनाचा संसार झाला, तुझाही झाला, तू सुखी आहेस असं लिहितेस. मी ते चार महिने तुझं ताट वर आणत होते, म्हणून मला ठाऊक आहे की त्यातलं काही भरून आलेलं नाही. पण एक गोष्ट अजून भरून येण्यासारखी आहे. तुझ्या दादांनी तुला दगा दिला नाही. कधीच नाही. त्यांनी तुला स्टेशनवर सोडलं आणि दिवसभर घरात गुणगुणत होते.

फोन करणार होते. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये दोनदा जाऊन आले. नंबर न फिरवताच परत आले.

हे पत्र मी चिकटवणार नाही. पाकिटावर पत्ताही लिहिणार नाही. तुझे दादा आता मागे झाडाला पाणी घालतायत. मी हे उघडं पत्र, कोरं पाकीट आणि तुझा पत्ता लिहिलेली डायरी त्यांच्या हातात देणार आहे आणि सांगणार आहे की आधी वाचा, मग वाटलं तर पाठवा. त्यांनी फाडलं तर तुला कधी कळणार नाही. पण तू हे वाचते आहेस, म्हणजे त्यांनी ते वाचलं. आणि वाचूनही पाकिटावर स्वतःच्या हातानं तुझं नाव लिहिलं.

आता उत्तर लिहिशील ते शाळेच्या पत्त्यावर नको, घरी लिही. त्यांच्या नावानं लिही. मला नाही लिहिलंस तरी चालेल.

वहिनी म्हणायचं की नाही, ते तू ठरव.

शैला